हळदीची नखं

"पिऊ नकोस गं, तिची पिवळी नखं बघ," मी बायकोला म्हणालो. "पाणी पाजून काहीतरी गळ्यात मारणार ही."

आमची क्रूझ दुपारपर्यंत मॉरिशसच्या बंदरात थांबली होती. बाजारातल्या म्हातारीने खुणेने बोलावून आम्हाला सावलीत बसवलं होतं, पुढ्यात पाणी ठेवलं होतं. आम्ही तिच्यासमोरच पिशवीतली बाटली काढून प्यायलो.

निघताना तिने डबी उघडून बायकोच्या कपाळाला कुंकू लावलं.

"हळद कुटून नखं पिवळी झालीत, पोरी. मळ नाही तो," ती मराठीत म्हणाली. "माझा पणजा रत्नागिरीहून बोटीने आला. आपली भाषा ऐकली, म्हणून बोलावलं."

मी मान वर न करता तिचा ग्लास उचलला.

तिने तो काढून घेतला.

"कोमट झालं असेल, लेका. थांब, ताजं आणते."