सदतीस नंबरचा सरदार

त्या बाईचं बोट अल्बमच्या सदतिसाव्या चौकटीवर टेकलं आणि फेर्मिनने अल्बम चटकन आपल्याकडे ओढला.

"हात नको, बाई. बघा हवं तेवढं."

माद्रिदच्या या चौकात दर रविवारी सकाळी जुन्या चित्रकार्डांची अदलाबदल चालते. एके काळी चॉकलेटच्या वडीसोबत मिळायची ती कार्डं. फेर्मिनचा अल्बम म्हणजे चौकाची शान. एकशे वीस चौकटी, एकही रिकामी नाही. त्यातही सदतीस नंबर बघायला लोक मुद्दाम यायचे. लोखंडी शिरस्त्राण, काळीभोर दाढी, बाकदार नाक आणि समोरच्याला जागीच उभं करणारी नजर. अमेरिका जिंकायला निघालेला स्पॅनिश सरदार. हे एक कार्ड मिळवायला फेर्मिनला अकरा वर्षं लागली होती. हा माणूस मरणालासुद्धा दारात थांबवेल, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे, आणि चित्र होतंही तसंच.

"हे माझे वडील," बाई म्हणाली.

फेर्मिनला हसू आवरेना. इथे दर तिसऱ्या माणसाचा कुणीतरी पूर्वज अमेरिकेला निघालेल्या त्या जहाजांवर चढलेला असतो, पण थेट वडील?

"म्हणजे तुमचं वय पाचशेच्या घरात. दिसत नाही हो."

बाई रागावली नाही. तिचं नाव कासिल्दा, आली होती व्हॅलेन्सियाहून. ही कार्डं छापणाऱ्या तिथल्या छापखान्यात वडील कागदाचे गठ्ठे वाहायचे. चित्रकाराला त्यांचं नाक आवडलं, म्हणून डोक्यावर पातेलं पालथं घालून त्याने त्यांना दोन दुपारी उभं केलं. होडीत पाय ठेवायलाही घाबरायचे म्हणे. ती चार वर्षांची असताना ते गेले, आणि पुढे महापुरात घरातले सगळे फोटो वाहून गेले. आईने तेवढा कार्डाचा नंबर सांगून ठेवला होता.

फेर्मिनने चष्मा पुसला. एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. नाक तेच. नजरही तीच. क्षणभर त्याला फसल्यासारखं वाटलं. मग वाटलं, यात फसवणूक कसली? दिवसभर ओझी वाहून दमलेला माणूस, डोक्यावर पातेलं, आणि तरी असा उभा राहिला! आपण इतकी वर्षं मान दिला तो योग्य माणसालाच दिला.

अल्बम उचलून तो कोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानात गेला. कासिल्दा मागोमाग. उकळत्या किटलीच्या वाफेवर त्याने पान धरलं, पिठाची खळ सैल होईपर्यंत दम धरला आणि पातळ सुरीने सरदाराला अलगद सोडवलं. कार्ड तिच्या तळव्यावर ठेवलं. डोळे पुसून ती पर्स उघडायला लागली.

"ते राहू द्या. या चौकात कार्डाला कार्ड द्यायचं असतं."

"माझ्याकडे कुठलं कार्ड?"

"तुमचा एखादा फोटो?"

बसच्या जुन्या पासवरचा फोटो तिने सोलून दिला. फेर्मिनने त्याचे कोपरे कापले आणि तो सदतिसाव्या चौकटीत नीट चिकटवला.

शेजारी कार्डं मांडून बसणारा आनिसेतो कॉफी प्यायला आला, तो पान बघून कपाळाला हात लावून उभाच राहिला. सरदारांच्या ओळीत आजीबाई बसवून अल्बमची माती केलीस, म्हणाला.

फेर्मिनने फुंकर घालून खळ वाळवली.

"बाकीच्यांकडे छापील आहे," तो म्हणाला. "माझ्याकडे अस्सल."