उन्हाच्या वड्या

आभाळात धूळ दाटून अकरा दिवस झाले होते आणि गावात सूर्य कुणी पाहिला नव्हता. आरोग्य केंद्रातल्या ऊबपेटीत शाल्मलीची सातव्या महिन्यातच जन्मलेली लेक झोपली होती. पेटीला ऊब देणारी साठवलेल्या उन्हाची शेवटची वडी विझत आली होती.

तेवढ्यात दारात दहावीतली ऋजुता आली. मागे शाळेतल्या पोरींची रांग, प्रत्येकीच्या हातात जेवणाचा डबा.

“वहिनी, शाळेच्या सोलरवर पाडलेल्या वड्या आहेत, धूळ यायच्या आधीच्या. घरी दिवे न लावता ठेवल्यात आम्ही.”

शाल्मलीला मान वर करवेना. शाळेवर सोलर बसवा म्हणून हीच पोर दारोदार सह्या मागत होती, तेव्हा सही न करता शाल्मलीच म्हणाली होती, “आधी अभ्यास कर, मग सूर्याला डब्यात भर.”

“भरला बघा,” म्हणत ऋजुतानं हसून डबा उघडला आणि वडी पेटीत सरकवली. हिवाळ्यातल्या सकाळची कोवळी ऊब काचेत पसरली. बाळानं मूठ उघडली. निघताना ऋजुता उशाशी एक कागद ठेवून गेली. “आता वाडीवरच्या शाळेच्या सोलरसाठी फिरतेय. सवडीनं वाचा.”

आभाळ निवळल्यावर शाल्मलीनं सगळे डबे घासूनपुसून परत पाठवले. रिकामं भांडं परत करू नये, म्हणून प्रत्येकात गुळाचा खडा घातला. ऋजुताच्या डब्यात खड्याखाली तिचाच कागद निघाला. त्यावर शाल्मलीची सही होती, आणि शेजारी काजळानं उमटवलेला इवलासा अंगठा.