ओल्या फरशीवरची बोटं

न्हाणीघराबाहेरच्या दोन ओल्या ठशांकडे मैना बघत राहिली. एक तिच्या दीड वर्षाच्या पोराचा. पाचही बोटं बेदाणे लावल्यासारखी उमटलेली. दुसरा सासूचा. टाच होती, चवडा होता. बोटं नव्हतीच.

“आत्या, तुमची बोटं कुठं गेली?”

“तुझ्या पोरानं खाल्ली,” कुसाबाई म्हणाली आणि भिंत धरत पुढं सरकली.

पिंपळगावला अंगणात पडल्यापासून जयरामनं आईला नाशिक रोडच्या क्वार्टरमध्ये आणून ठेवलं होतं. “कुणाचा हात न धरता एसटीत चढशील, त्या दिवशी खुशाल गावी जा,” असं त्यानं सांगितलं होतं. त्याला चार महिने झाले. “कुलपात ठेवल्यागत वाटतं गं,” कुसाबाई रोज म्हणायची. आणि रोज भिंत धरायची.

मैनानं सासूची स्पंजची चप्पल उचलून पाहिली. जयरामनं हौसेनं आणलेली, एक नंबर मोठी. चप्पल मोठीच घ्यायची, ही घरातली रीत. पोरांचे पाय वाढतात. सत्तरीतल्या बाईचा पाय कुठं वाढणार, हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती निसटू नये म्हणून कुसाबाई दिवसभर बोटं आवळून चालायची. चप्पल काढली तरी बोटं आवळलेलीच.

मग मापाची, मागं पट्टा असलेली चप्पल आली. दुपारी नवा खेळ सुरू झाला. फरशीवर फडकं टाकायचं आणि पायाच्या बोटांनी गोळा करायचं. पोरगं ते ओढून पळायचं. नंतर ओट्याला हात लावून एका पायावर उभं राहायचं, मैना आकडे मोजणार.

“बगळा केलास गं माझा!” कुसाबाई कुरकुरायची, पण दुसरा पाय आपणच उचलायची.

“तिचे पाय धड झाले की ती जाणार,” जयराम एकदा म्हणाला. “जूनमध्ये तुझी शाळा. पोराला कोण बघणार? नोकरी सोडशील?”

“आधी बोटं येतात का ते तर बघू द्या,” मैना म्हणाली.

मास्तरणीची नोकरी तिला पहिल्यांदाच लागली होती. सकाळी ओल्या फरशीवर वाकताना तिला बोटं दिसायला हवी असायची आणि नकोही. बघितल्याशिवाय मात्र राहवायचं नाही. आधी अंगठा उमटला. पंधरा दिवसांनी करंगळी.

शाळा उघडायला चार दिवस होते, तेव्हा तिनंच विषय काढला. “आत्या, उद्या स्टँडवर जाऊ.”

झोपलेलं पोरगं शेजारच्या सगुणाबाईंकडे ठेवून तिघं निघाली. पिंपळगावची गाडी लागली. जयरामनं हात पुढं केला. आईनं त्या हाताकडे नुसतं पाहिलं; त्यानं तो खिशात घातला. कुसाबाईनं निऱ्या उचलल्या, एक पाय पायरीवर ठेवला. क्षणभर सगळं अंग त्या एका पायावर तोललं गेलं. मग ती गाडीत होती.

मैनानं खालून सासूच्या कपड्यांची पिशवी पुढं केली. डोळे भरले होते, तरी ती हसत होती.

कुसाबाईनं पिशवी घेतली नाही. वळली. जशी चढली तशीच, एकेक पायरी, खाली उतरली.

“ओ आजी, जाताय का येताय?” कंडक्टर ओरडला.

“जाता येतंय का, तेवढंच बघायचं व्हतं,” कुसाबाई म्हणाली. “चल गं मैना, पोरगं उठलं असंल.”