गोळीतला उजवा हात

रामनवमी जवळ आली तशी जयपूरच्या हिंदुराव बुवांनी रक्तदाबाची गोळीच सोडली. गोळीने पाय सुजायचे, आणि नारदाच्या गादीवर बसून कीर्तन करायचं नसतं.

औषधांवर संशोधन करणारी त्यांची सून स्वानंदी डॉक्टरांना विचारून नवी गोळी घेऊन आली.

"बाबा, जुन्या गोळीत एकाच औषधाची दोन रूपं होती, डाव्या-उजव्या हातासारखी. डावं दाब उतरवतं, उजवं नुसतं पाय सुजवतं म्हणतात. वजन सारखं, बाकी गुणधर्म सारखे, त्यामुळे वेगळी करताना नाकी नऊ येतात. हिच्यात फक्त डावं आहे."

"मतलब एक राबतो, दुसरा फुकट मिरवतो," म्हणत बुवांनी गोळी घेतली.

सूज उतरली. रामनवमीला झोटवाड्याच्या मंदिरात बुवा शेवटपर्यंत उभे राहिले आणि गोळीचाच दृष्टांत दिला. "मंडळी, राबतो तो रामराया. पाय सुजवतो तो आपला अहंकार."

सगळ्यांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेतून त्यांच्या पत्नी, पार्वतीबाई, शेजारणीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, "आणि ते सुजलेले पाय रोज चेपत होती, ती कोण? तेवढं बुवा सांगायचे राहिले."