मागे पडणारा डाग

कैरोबाहेरच्या वेधशाळेत रोज सकाळी सूर्यावरच्या डागांचं चित्र हाताने काढायचं, ही मेरवतची नवी नोकरी. पंधरा दिवस काम बघून मग कायम करणार होते. वरचा, ध्रुवाकडचा डाग सूर्याच्या विषुववृत्ताजवळच्या डागापेक्षा रोज थोडा मागे पडायचा. आपलाच हात चुकतोय असं समजून ती नवा कागद घ्यायची आणि दोन्ही डाग एका रेषेत आणायची.

पंधराव्या दिवशी वेधशाळेचे प्रमुख डॉक्टर लुत्फींनी चित्रं पाहिली.

"अगं पोरी, सूर्य म्हणजे काय दगड आहे? त्याचा मधला पट्टा भरभर फिरतो, वरचा रमतगमत. तेच मोजायला तुला घेतलं. चुकलेले कागद कुठायत?"

"तुमच्या न्याहारीचे ताअमियाचे वडे मी रोज त्यातच गुंडाळून आणते, डॉक्टर."

लुत्फींनी टेबलाखालची तेलकट कागदांनी भरलेली कचऱ्याची टोपली वर घेतली आणि मोजपट्टी मागितली.