माळ्यावरचे भोपळे

"फ्रान्सिना! कॉफी!"

नवऱ्याची, बारेंडची, हाक अंगणातून आली आणि आलेताच्या हातातला झारा खाली पडला.

"आई, हाक मला आहे. तू कशाला दचकतेस?" फ्रान्सिना हसली.

"सवय." झारा उचलायला आलेता वाकली तशी तिची बाही वर सरकली. मनगटावर चार बोटं निळी उमटली होती. फ्रान्सिनाने ती पाहिली आणि कॉफी घेऊन बाहेर गेली.

अंगणात बारेंड मेंढा सोलत होता. रक्ताच्या वासाने कुत्रं जवळ आलं. त्याने बुटाची लाथ घातली. कुत्रं केकाटलं नाही, पायरीखाली जाऊन गप्प बसलं. त्या घरात केकाटायची पद्धतच नव्हती.

फ्रान्सिना शनिवारी केपटाउनहून मळ्यावर यायची. आईच्या आईची आई, तिची आई, असं मागे मागे जायचा तिला नाद लागला होता. पार टोकाला होती फ्रान्स्वाज. तीनशे वर्षांपूर्वी धर्मापायी फ्रान्समधून परागंदा होऊन केपच्या किनाऱ्याला लागलेली पोर. तिच्यापासून खाली, एक पिढी सोडून एक, त्याच नावाच्या, पण डच वळणाच्या, फ्रान्सिना सापडत आल्या होत्या. थोरल्या मुलीला आईच्या आईचं नाव द्यायचं ही त्या लोकांची रीत. पूल दोन्ही काठांवरून बांधत आणला होता. मधला एकच दगड राहिला होता, तिची स्वतःची आजी.

"फ्रान्सच्या राजाने त्यांच्या घरात शिपाई आणून बसवले," फ्रान्सिना बटाटे सोलता सोलता सांगत होती. "धर्म सोडेपर्यंत हलायचे नाहीत. फ्रान्स्वाजच्या आईचे तळवे निखाऱ्यांवर धरले. डोळा लागू नये म्हणून खाटेभोवती ढोल बडवले."

"घरातच राहायचा शिपाई?"

"घरातच."

"मग त्याला जेवायला कोण वाढायचं?"

"त्याच बायका."

आलेताने मान हलवली. "हो. दुसरं कोण वाढणार?"

"आई, आजीचं नाव फ्रान्सिनाच ना? एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे."

"थोरलीचं नाव रीतीनेच पडतं, पोरी. ते काही मी निवडलं नाही."

आलेता तिला कायम 'पोरी'च म्हणायची. अगदी रागावली तरीसुद्धा.

बारेंड आत आला. कोपरापर्यंत रक्त. "मेलेल्या बायका उकरून होत नाहीत का अजून? अगं, पळपुटे लोक ते! आमच्याकडे नाही कोणी पळालं."

"पळता यायला पाहिजे ना," आलेता हळूच म्हणाली.

त्याने हातातला सुरा टेबलात खुपसला. सुरा थरथरत उभा राहिला. तिघंही जेवली.

निघताना आलेता म्हणाली, "माळ्यावरून भोपळे काढून दे गं. त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांना होत नाहीत. उन्हाळ्यापासून वर गेलेच नाही मी."

बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या दगडी पायऱ्या चढून फ्रान्सिनाने दोन पांढरे, चपटे भोपळे आणले आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवले. आलेताने गाडीच्या दारावर हात ठेवला, तो लवकर काढला नाही. 'चल माझ्याबरोबर,' हे शब्द फ्रान्सिनाच्या जिभेवर लहानपणापासून होते.

"पुढच्या शनिवारी येते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बारेंडचा फोन आला. "तुझी आई गेली. भोपळा आणायला माळ्यावर गेली होती. पाय घसरला."

आलेताचं डोकं मागून फुटलं होतं. पुढचे दोन दातही पडले होते. फौजदार दर रविवारी देवळात बारेंडच्या मागच्या बाकावर बसायचा. तो म्हणाला, दगड ओले, बाई म्हातारी. पाद्र्याने मान डोलावली.

मातीनंतर सगळे घरी जेवायला आले. मनुके घातलेला पिवळा भात शिजला होता. तो उतरवताना फ्रान्सिनाची नजर खिडकीकडे गेली. दोन्ही भोपळे तिने ठेवले तसेच होते. न कापलेले. तिने एका भोपळ्याच्या देठावरून बोट फिरवलं. मग पातेलं उचलून वाढायला गेली.

सारीमावशी कोपऱ्यात बसली होती. आलेताची थोरली बहीण. बारेंडने लग्नानंतर तिला या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं.

"मावशी, आईच्या थडग्याच्या दगडावर तिच्या आईचं नाव कोरायचंय. फ्रान्सिना कोण, एवढंच सांग."

"आमच्या आईचं नाव डोरोथिया."

"डोरोथिया? मी थोरली ना? मग माझं नाव—"

मावशीने काटा खाली ठेवला. "आलेताने तुला सांगितलंच नाही? अगं, बिजवराला दिली होती तिला. दुसरेपणाच्या बायकोची पहिली मुलगी मेलेल्या सवतीचं नाव घेते. तीही रीतच. फ्रान्सिना म्हणजे तुझ्या बापाची पहिली बायको. आमच्यातली नव्हेच ती."

फ्रान्सिनाला खाली पडलेला झारा आठवला. "कशाने गेली ती?"

"तेव्हा त्याचा मळा तिकडे उत्तरेला होता, लांब. कोणी बघायला नव्हतं. भोपळा आणायला माळ्यावर गेली होती म्हणे. पाय घसरला."

"फ्रान्सिना!" टेबलाच्या टोकावरून बारेंड ओरडला. एका हाताला पाद्री, दुसऱ्या हाताला फौजदार. "कॉफी!"

ती स्वयंपाकघरात गेली. परत आली ती दोन्ही भोपळे कवटाळून. ते तिने बापाच्या पुढ्यात, भाताच्या ताटाशेजारी ठेवले.

"तुम्ही मारलंत आईला," ती म्हणाली. "भोपळे खिडकीतच होते, बाबा. त्या फ्रान्सिनाच्या वेळीही होते का?"