शेवटचा उंदीर

‘तू एकटा, मीही एकटी. एकत्र राहू या?’ कॉलेजातली मैत्रीण वत्सला हिच्या या पत्राला अकरा उत्तरं लिहून मी फाडली होती.

जटामांसी या औषधी मुळीने मेंदूतली भीती उतरते का, हे आम्ही उंदरांवर तपासत होतो. घाबरट उंदीर उंच फळीवरच्या भिंतीआड दडतो, भीती गेलेला उघड्या टोकाकडे जातो. शेवटचा उंदीर थेट टोकावर जाऊन निवांत मिशा पुसू लागला.

“जटामांसीचा गुण!” मी म्हणालो.

“कसला गुण, सर?” उंदरांना औषध पाजणाऱ्या शेवंताबाई हसल्या. “आता तपासणी संपली म्हणून सांगते, याला तुलनेसाठी नुसतं पाणी पाजलं होतं. मेला मुळातच धीट!”

मी माठातलं पेलाभर पाणी प्यालो, ‘हो, ये’ एवढंच लिहिलं आणि पत्र पेटीत टाकून आलो.